पालथी पितळी

साखरेचं पाणी लांब नळीत भरायचं आणि त्यातून प्रकाश सोडायचा. प्रकाश थोडा वळतो. जितका वळेल तितकी साखर. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी आयुष्यभर हेच केलं.

*

चौगुल्यांच्या गाईला ताक आवडतं.

*

इन्सुलिनची बाटली जोरात हलवायची नाही. दोन्ही तळव्यांमध्ये धरून, वात वळतात तशी, हळू फिरवायची.

*

आमच्या भागात बायकाही स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात. बाहेरगावची माणसं हसतात. मी शिकले तेव्हा माझं सुटलं. सासूबाईंचं कधीच सुटलं नाही.

*

अनंत चतुर्दशीला जयसिंगपुरात एकीकडे बस्तीत, म्हणजे आमच्या जिनमंदिरात, पर्युषण पर्वाचा शेवटचा उपवास असतो आणि दुसरीकडे गणपती निघतात. एका गल्लीत माळ, दुसऱ्या गल्लीत बेंजो.

*

"नाव पेढा, आजार शुगर," असं म्हणत तौफिकनं त्याला टेम्पोतून उचललं आणि आमच्या पुढच्या सोप्यात आणून ठेवलं.

तौफिक मुल्ला मिरज रस्त्याला कुत्र्यांचा आश्रम चालवायचा. मालकांनी सोडून दिलेली म्हातारी, लंगडी, आंधळी कुत्री त्याच्याकडे यायची. त्यातली जी कुणी कायमची नेणार नाही हे उघड असायचं, ती तो आमच्यासारख्यांच्या घरी ठेवायचा. दत्तक नाही वहिनी, पाहुणा समजा, असं सांगायचा. पाहुणा जाईपर्यंत सांभाळायचा. पेढ्याच्या आधी माझ्याकडून दोन पाहुणे गेले होते.

पेढा लॅब्रेडॉर. एका मंगल कार्यालयाच्या अंगणात त्याचा सगळा जन्म गेला. वऱ्हाडी मंडळी त्याला पानात उरलेलं घालायची, गुलाबजाम, जिलेबी, बुंदी. साखरेनं आधी डोळे नेले, मग मागच्या पायांतला जोर. दोन्ही बुबुळं दुधासारखी झालेली. कार्यालयाचं नूतनीकरण निघालं तेव्हा त्याला बाहेर काढलं.

अक्का खुर्चीत माळ घेऊन बसल्या होत्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, पद्मावती. मामंजी गेल्यावर नुकत्याच नांदणीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या आणि दिवस मावळल्यावर तेही न पिणाऱ्या. उंबऱ्यावर मुंग्यांची रांग दिसली की मागच्या दारानं वळसा घालून यायच्या. कुत्रं घरात, ही गोष्ट त्यांना नवी होती.

"ह्याला मटण लागंल," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"नाही लागत, अक्का," तौफिक म्हणाला. "पंगतीत वाढलाय तो. तुमच्यापेक्षा जास्त बुंदी खाल्लीय त्यानं."

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी अटी घातल्या. अंडं नाही, मांस नाही, स्वयंपाकघरात पाऊल नाही, दिवस मावळल्यावर घास नाही. तौफिकनं सगळं कबूल केलं. शेवटची अट तर औषधाला सोयीचीच आहे, म्हणाला. मग त्यानं मला जवळ बसवून सुई शिकवली. मानेवरची कातडी चिमटीत धरून वर उचलायची आणि तिच्या पोकळीत टोचायचं. सकाळ आणि संध्याकाळ.

"एक गोष्ट विसरायची नाही, वहिनी. आधी पोट, मग सुई. पोट रिकामं आणि सुई दिली, की साखर खाली येते. झटके येतात. मग हातात काही राहत नाही."

मी मान डोलावली. अक्कांची माळ चालू होती. त्या ऐकत नसाव्यात असं मला वाटलं.

*

अक्का दहीभात खायच्या नाहीत, आमटीभात खायच्या नाहीत. त्यांचं संध्याकाळचं जेवण म्हणजे शाळूची भाकरी ताकात कुस्करून, वर चिमूटभर मीठ. त्यावर त्या आयुष्य काढतील असं मामंजी म्हणायचे.

*

पेढ्याचा आहार जनावरांचे डॉक्टर मगदूम यांनी ठरवून दिला होता. दलिया, दोडका, थोडं पनीर. दोन दिवस त्यानं नाक फिरवलं. तिसऱ्या दिवशी मी कारखान्यातून आले तर तो अक्कांच्या पायाशी बसून ताकातली भाकरी खात होता. तीही त्यांच्याच पितळीतून, उंच काठाच्या, माहेरून आणलेल्या. मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या की डॉक्टरला विचार, चालतं का. डॉक्टर म्हणाले, रोज तेवढीच द्या, चालेल.

तेव्हापासून संध्याकाळचं खाणं अक्कांकडे गेलं. भाकरी त्या स्वतः कुस्करायच्या, अगदी बारीक, कारण पेढ्याचे दात झिजले होते. तो आंधळा असल्यामुळे पितळी फरशीवर तीनदा टकटक वाजवायच्या. तो मागचे पाय ओढत यायचा. त्याचं खाणं होईपर्यंत त्या बोलत राहायच्या. डाव्या बाजूला राहिलंय. काठाला चिकटलंय ते घे. आज चौगुल्यांच्या विमलच्या गाईनं दावं तोडलं. तुझ्या त्या मंगल कार्यालयात आता एसी बसवलाय म्हणं, कुणाचं लगीन लागतंय तिथं आता.

आमच्या घरात दिवस मावळल्यावर खरकटं भांडं राहत नाही. पेढ्याचं खाऊन झालं की अक्का पितळी परसातल्या दगडावर घासायच्या आणि पालथी घालायच्या. मी कामावरून आले की पायांवर पाणी घ्यायला परसात जायची. पितळी पालथी दिसली की फ्रीजमधून बाटली काढायची. विचारायची गरज कधी पडली नाही. आमच्यात तसं कधी ठरलं नव्हतं. अंगवळणी पडून गेलं होतं.

सुई देताना अक्का तोंड फिरवायच्या. पेढा मात्र हलायचा नाही. त्याची हनुवटी त्यांच्या पावलावर असायची.

*

विमल चौगुले, आमच्या शेजारीण, एकदा अक्कांना म्हणाल्या, "नातवंडं हुबळीला, आणि तुम्ही कुत्र्याला भरवताय."

"नातवंडं स्वतःच्या हातानं जेवत्यात," अक्का म्हणाल्या.

*

त्या वर्षी अनंत चतुर्दशीला अक्कांनी निर्जळी उपवास धरला आणि मौनही घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं होईपर्यंत एक शब्द नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी पेढ्याला तसं सांगून टाकलं होतं, की उद्या मी बोलणार न्हाई, रुसू नकोस.

मी माझ्या वेळेला कारखान्यातून निघाले. चौकात गणपतीच्या ट्रॉल्या लागल्या होत्या आणि बेंजोच्या दणक्यानं दुकानांची शटरं थरथरत होती. सन्मती, माझा नवरा, दुपारपासून बस्तीत होता. घरी आले तेव्हा ऊन सोप्यातून निघून गेलं होतं. अक्का खुर्चीत, डोळे मिटलेले, ओठ हलत नव्हते, फक्त माळ सरकत होती. पेढा दिवाणाखाली गेला होता. मी त्याला ओढून काढलं. थरथरत होता. बेंजोला घाबरला, म्हटलं.

परसात गेले. पाय धुतले.

बाटली तळव्यांत फिरवली. मानेवरची कातडी चिमटीत धरली.

*

पुढचं दिवे लागल्यावरचं.

मागच्या पडवीत काहीतरी आपटल्याचा आवाज आला. पेढा आडवा पडला होता आणि त्याचे चारी पाय पळत होते. मागचे पायसुद्धा. तोंडाला फेस. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि फोन जमिनीवर ठेवून, मोठ्या आवाजावर टाकून डॉक्टर मगदूमांना लावला. ते सांगलीत होते, मिरवणुकीत गाडी अडकलेली. त्यांच्याकडेही ढोल, माझ्याकडेही ढोल. दोघंही ओरडून बोलत होतो.

"सुई दिली?"

"दिली."

"त्याआधी खाल्लं होतं?"

"हो."

"नक्की? पोट रिकामं असेल तर साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा आत्ताच्या आत्ता."

"नाही हो डॉक्टर. जेवलाय. पितळी पालथी होती."

पितळी म्हणजे काय हे त्यांना कुठून कळणार. जेवलाय एवढं त्यांना कळलं. मग हे साखरेचं नाही, म्हणाले. मेंदूत काही झालं असेल, वय आहे. साखर आधीच जास्त असेल, आणखी देऊ नका. तोंडात काही घालू नका, श्वासात जाईल. अंधार करा, डोकं धरून बसा, मी रस्ता मोकळा झाला की निघतो.

मी दिवा मालवला. डोकं धरून बसले.

मध्येच एकदा त्याचे पाय थांबले आणि त्यानं मान उचलून सोप्याच्या दाराकडे नाक केलं. मी त्याला नाव घेऊन हाक मारत होते, पण तोंड त्यानं तिकडेच ठेवलं होतं. मग पुन्हा पाय सुरू झाले. मग थांबले.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी बॅग उघडली नाही.

*

सकाळी अक्कांनी बस्तीतून आल्यावर पारणं केलं. कोमट पाणी, मुगाचं कढण. पहिला शब्द काय बोलतील याची मी वाट बघत होते. पडवीत चादरीखाली काय आहे हे त्यांनी जाताना पाहिलं असणारच.

"कवा?" त्या म्हणाल्या.

"काल दिवे लागल्यावर. झोपेतच गेला, अक्का. काही कळलं नाही त्याला."

त्यांनी पेला खाली ठेवला.

"माती कुठं देणार?"

तौफिकच्या आश्रमामागं, मी म्हटलं.

*

तौफिकची वाट बघत मी दारात उभी होते. विमलवहिनी गाईला पाणी पाजत होत्या. पेढा गेल्याचं ऐकून चुकचुकल्या. म्हणाल्या, काल संध्याकाळीच मला शंका आली होती. अक्कांनी ताकातली भाकरी तशीच्या तशी आणून गाईपुढं ओतली, तेव्हाच म्हटलं, आज पेढा जेवला नाही वाटतं. विचारायला गेले, तर त्यांचं मौन.

गाईनं बादलीतून तोंड काढलं. तिच्या मिश्यांवरून पाणी ठिबकत होतं.

मला विमलवहिनींचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला. त्यांना म्हटलं, हे अक्कांपुढे बोलू नका. कधीच नका. का, ते सांगितलं नाही. पण त्या चौगुल्यांच्या घरातल्या, त्यांच्या सासऱ्यांनाही सुई होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. म्हणाल्या, देवा.

एवढंच मनात होतं. पाणी गाळून पिणारी बाई. हे कळलं तर ती दुसऱ्या दिवशी उठणार नाही. कळू द्यायचं नाही.

*

तौफिक आला. चादर बाजूला करून त्यानं पेढ्याच्या हिरड्या बघितल्या, कानांमागं हात फिरवला. अक्का त्यांच्या खुर्चीत होत्या, अंतर फार नव्हतं.

"जेवला होता ना, वहिनी?"

"हो. चाटूनपुसून."

त्यानं एकदा परसातल्या दगडाकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे. तौफिकच्या हातून किती कुत्री गेली होती त्याची गणती नाही. फसवायला सोपा माणूस नव्हता तो. पण मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यानं मान खाली घातली.

"वय झालं होतं," तो मोठ्यानं म्हणाला. अक्कांना ऐकू जाईल असं. "हृदय थांबलं असणार. कुणाच्या हातात नव्हतं ते, अक्का."

अक्कांनी मान वर केली.

"असं म्हणतोस, बाळा?"

"असंच म्हणतो."

त्यांनी उठून पेढ्याच्या डोक्यापाशी बसून णमोकार म्हटला, अगदी हळू, शेवटपर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. तौफिक टोपी हातात घेऊन उभा होता. तिसऱ्यांदा सुरू केला तेव्हा मी त्यांना उठवलं.

*

त्याच दिवशी बस्तीत जाऊन अक्कांनी नियम घेतला. ताक-भाकरी जन्मभरासाठी सोडली. आमच्यात पर्व संपताना काहीतरी सोडायची रीत आहे. कुणी गूळ सोडतं, कुणी एखादी भाजी. जे फार आवडतं ते सोडलं तर पुण्य मोठं, असं म्हणतात. सन्मती जेवताना म्हणाला, आई, निदान एवढं तरी ठेवायचं होतंस. त्या हसल्या.

पुण्याचंच असेल, असं मला वाटलं.

*

त्यानंतर आमच्याकडे एक बहिरा डॉबरमन येऊन गेला. मग पाठीचा कणा मोडलेली एक गावठी कुत्री. मग आणखी कितीतरी. मी नको म्हटलं होतं, अक्कांनीच तौफिकला फोन करायला लावला. त्यांना भरवायला आता त्या पितळी वापरायच्या नाहीत. स्टीलचं भगुलं घेतलं होतं. आणि आणखी एक बदल झाला. कुत्र्यानं खाल्लं की त्या सोप्यातून मला मोठ्यानं ओरडून सांगायच्या, खाल्लं गं. त्याला सुई नसली तरी. मी आंघोळीला असले तरी. विमलवहिनी त्यावरून चिडवायच्या, की अक्का, गल्लीला जेवायला बोलावताय का.

*

अक्का शेवटच्या आजारात सोप्यातच होत्या, दिवाणावर. अन्न जात नव्हतं. कढण नको, पेज नको, दूध नको. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य कसलं, त्यांना आवडेल ते द्या. मी विचार केला आणि शाळूची भाकरी केली. कपाटातून ती पितळी काढली. ताकात भाकरी कुस्करली, अगदी बारीक, वर चिमूटभर मीठ. बस्तीतल्या मुनिमहाराजांना निरोप पाठवून विचारून घेतलं होतं, आजारात नियम सैल करता येतो.

खाली दिवाणाजवळ सखू झोपली होती, तेव्हाची आमची पाहुणी. तीन पायांची, पोटात गाठी असलेली.

पितळी पाहून अक्कांनी डोळे मिटले.

"ती त्याची हाय," त्या म्हणाल्या.

"अक्का, महाराजांनी हो म्हटलंय. दोन घास."

"नियम पुण्याचा न्हवता, राजमती."

मी पितळी मांडीवर धरून बसून राहिले.

"त्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, जेवलाय. मी दाराशी हुतो."

त्यांनी हात उचलून दार दाखवलं, सोप्यातून पडवीत जायचं.

"सुई दिलीस ते बघितलो न्हाई. डोळे मिटून बसलेलो. फोन ऐकलो. डॉक्टरचा बी ऐकलो, साखरंचं पाणी चोळा म्हणाला ते. तौफिकनं पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं, आधी पोट, मग सुई. मी ऐकत हुतो की. माळ ओढताना माणूस काय बहिरा हुतो?" थांबून त्यांनी श्वास घेतला. "जेवला न्हाई, एवढंच म्हणायचं हुतं."

"मग का नाही..." मी विचारलं आणि विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

सखूनं झोपेत कूस बदलली.

"मौन मोडंल म्हणून भ्यालो," अक्का म्हणाल्या. "त्याच्यासाठी भ्यालो न्हाई."

मग म्हणाल्या, "त्यानं तोंड वळवलं हुतं माझ्याकडं. वास आला असंल."

मी त्यांचा हात हातात घेतला. तो हलका झाला होता, नुसती हाडं. त्यांनी माझा हात दाबला की मी त्यांचा, ते कळलं नाही.

"सकाळी तू खोटं बोललीस. झोपेत गेला म्हणालीस. तौफिक बी बोलला. माझ्यासाठी बोललासा, कळलं मला. तवा तर मौन सुटलं हुतं. तरी गप बसलो." त्यांनी डोळे उघडले. "तुला एवढी वर्षं एकटीला ओझं वाहायला लावलो."

मला सांगायचं होतं, की डॉक्टर वेळेत पोचले नसतेच, की वय झालं होतं, की साखर चोळूनही वाचला असता असं नाही. त्यातलं काही खरंही असेल. पण साखरेबद्दल मला कुणी शिकवायची गरज नाही, आणि त्यांना ते माहीत होतं.

"ते खाली ठेव," त्या म्हणाल्या. "सखूला घाल."

मी पितळी फरशीवर ठेवली. तीनदा वाजवली. सखू उठली, तीन पायांवर डोलत आली आणि खायला लागली. अक्कांना मान वळवता येत नव्हती. छताकडे बघत त्या तिच्या लपलपण्याचा आवाज ऐकत होत्या. आवाज थांबला.

"खाल्लं?"

"खाल्लं, अक्का."

"बघून सांग."

मी वाकले, पितळी उचलली, उजेडात धरली. आत काही नव्हतं.

"सगळं खाल्लं."

*

पेढा आमच्याकडे आला त्या दिवशी अक्कांनी ठरवलं होतं, की कुत्र्याशी एक शब्दही बोलायचा नाही. दिवस मावळायच्या आत बोलल्या.